बांधण्याआधी चालून पाहावे

पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यात शिरणे कसे घडते, ते वाचकांनी क्षणभर मनात आणावे. भल्या थोरल्या दरवाजातल्या छोट्या दिंडीतून वाकून आत पाऊल टाकले की देवडीचा गारवा आणि अंधार लागतो. तिथून चार पावलांवर चौकातला उजेड एकदम अंगावर येतो. चौकाच्या कडेने ओसरी, ओसरीला लागून सोपा आणि त्याच्या आत माजघर. अरुंदातून मोकळ्यात, अंधारातून उजेडात, परक्यांच्या जागेतून घरच्यांच्या जागेत नेणारी ही वाट असते. वाडे बांधणाऱ्या गवंड्या-सुतारांना हा क्रम पक्का ठाऊक होता आणि वाड्याचे निम्मे सौंदर्य त्या क्रमातच आहे. एका जागी उभे राहून ते हाती लागत नाही. त्यासाठी चालावे लागते.

कागदावरच्या नकाशात हा क्रम नसतो. तळमजल्याचा नकाशा सगळ्या खोल्या एकाच वेळी आणि वरून दाखवतो. तसे घर कोणीच कधी पाहत नाही. छेदचित्र भिंती कापून आतली उंची दाखवते आणि दर्शनी चित्र एक बाजू सपाट करून समोर धरते. अनुभवी आर्किटेक्ट या तीन चित्रांवरून मनातल्या मनात चालून येतो. पण घर ज्याच्यासाठी बांधायचे त्या माणसाला बहुधा ते जमत नाही. तो नकाशा पाहून मान डोलावतो आणि जिन्यावर उजेड येत नाही हे त्याला स्लॅब पडल्यावर कळते. संगणकातल्या आराखड्यामधून कॅमेरा चालवून पाहणे, ते दृश्य पारखणे आणि मग चलतचित्र म्हणून नोंदवून ठेवणे ही विद्या याच अडचणीतून उभी राहिली. व्यवसायात तिला सगळे ‘वॉकथ्रू’ म्हणतात. या प्रस्तावनेत तिचीच ओळख करून द्यायची आहे.

या विद्येत दोन क्रिया आहेत: प्रिव्ह्यू, म्हणजे चलतचित्र तयार होण्याआधी ते चालवून पाहणे, आणि रेकॉर्डिंग, म्हणजे ते फाइल म्हणून पक्के करणे. नव्याने आलेल्यांचा ओढा साहजिकच रेकॉर्डिंगकडे असतो, कारण दुसऱ्याला दाखवता येईल असे काही त्यातूनच हाती येते. तरीही वाचकांनी आपला अधिक वेळ प्रिव्ह्यूला द्यावा, असा माझा आग्रह आहे. नाटकात तालमींचे जे स्थान, ते इथे प्रिव्ह्यूचे. संहितेतला कच्चा दुवा तालमीत उघडा पडतो आणि तिथेच तो दुरुस्त होतो. प्रयोगाच्या रात्री फार उशीर झालेला असतो. प्रिव्ह्यू पाहताना रचनाकार स्वतःला प्रश्न विचारत असतो. रेकॉर्डिंग करताना तो दुसऱ्याला उत्तर देत असतो. या दोहोंतले अंतर ज्याला कळले, त्याला सॉफ्टवेअरमधली बटणे शिकायला वेळ लागत नाही.

या क्षेत्राचा इतिहास फार लांबचा नाही, पण अभिमान वाटावा असा आहे. अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत आयव्हन सदरलँड यांनी टीएक्स-2 या संगणकावर ‘स्केचपॅड’ तयार केले आणि 1963 मध्ये त्यावर आपला प्रबंध सादर केला. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून रेषा काढायची आणि ती हवी तशी बदलायची, ही गोष्ट तेव्हा प्रथमच नीट साधली. संगणकावर काढलेली आजची प्रत्येक भिंत त्या रेषेचीच वारस आहे. पुढे कॉर्नेल विद्यापीठात डोनाल्ड ग्रीनबर्ग यांनी हे तंत्र वास्तुरचनेकडे वळवले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतली यंत्रे वापरून त्यांनी 1971 मध्ये ‘कॉर्नेल इन पर्स्पेक्टिव्ह’ हे संगणकीय चलतचित्र तयार केले आणि विद्यापीठाचा परिसर पडद्यावर फिरून पाहता आला. वास्तुरचनेत संगणकीय चित्रांचा काय उपयोग, यावरचा त्यांचा लेख 1974 च्या मे महिन्यात ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये आला, तेव्हा हा विषय प्रयोगशाळेबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचला.

पण या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातली, चॅपेल हिलची हकिगत. तिथल्या संगणकशास्त्र विभागासाठी सिटरसन हॉल ही नवी इमारत बांधायची होती. विभागातले प्राध्यापक फ्रेड ब्रुक्स आणि त्यांचे सहकारी यांनी इमारत उभी राहण्याआधीच तिचा आराखडा संगणकात भरला. त्या नसलेल्या इमारतीत चालता यावे म्हणून त्यांनी चालपट्टाही जोडला. पट्ट्यावर पावले टाकली की पडद्यावरचे दृश्य पुढे सरके आणि हातातला दांडा वळवला की दिशा बदले. या प्रकल्पाचे नावच ‘वॉकथ्रू’ होते आणि त्यावरचा ब्रुक्स यांचा निबंध 1986 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या आराखड्यात प्रवेशदालनालगत एक आडभिंत होती. पुढे त्या इमारतीत काम करणाऱ्यांना तिच्यामुळे वर्दळीची जागा कोंदट होईल असे वाटत होते. आर्किटेक्टना ते पटत नव्हते. नकाशावर बोट ठेवून हा वाद मिटण्यासारखा नव्हता, कारण नकाशात दोन्ही बाजूंना आपापलेच म्हणणे दिसत होते. शेवटी आर्किटेक्टनी संगणकातल्या इमारतीत स्वतः फेरी मारली, अडचण त्यांना जाणवली आणि भिंत हलवली गेली. इमारत 1987 मध्ये वापरात आली. वाचकांनी या हकिगतीतला एक तपशील मनात पक्का धरावा. भिंत हलली ती प्रिव्ह्यूमुळे. तिथे कोणाला चित्रपट दाखवायचा नव्हता. एक प्रश्न सोडवायचा होता.

त्या काळी हे काम मोठ्या विद्यापीठांच्या महागड्या यंत्रांवरच होई. 1982 च्या डिसेंबरात ऑटोकॅड बाजारात आले आणि आराखडे काढण्याचे काम साध्या संगणकांवर उतरले. पुढे ऑटोकॅड 2007 या आवृत्तीत त्रिमितीय आराखड्यातून चालण्याची, उडण्याची आणि ठरवलेल्या मार्गावरून कॅमेरा नेण्याची सोय आली. आज स्केचअप, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स यांतही वॉकथ्रू होते. ज्यांना परवान्याचा खर्च झेपणार नाही, त्यांच्यासाठी ब्लेंडर आहे. नेदरलँड्समध्ये जन्मलेले हे सॉफ्टवेअर 2002 पासून सर्वांसाठी मोफत आणि खुले आहे. एकेकाळी मोजक्या प्रयोगशाळांत असलेली ही क्षमता आज वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर आहे, ही या क्षेत्राची मोठी मिळकत म्हटली पाहिजे.

आता विषयात शिरण्याची वाट पाहू. पुढचे विवेचन मी ऑटोकॅडच्या आधाराने करतो, कारण आपल्याकडे बहुतेकांचा पहिला आराखडा त्यातच निघतो. त्यात हिंडण्याचे तीन प्रकार आहेत. ‘वॉक’मध्ये तुम्ही जमिनीला धरून चालता, ‘फ्लाय’मध्ये उंचीचे बंधन सुटते आणि तिसऱ्या प्रकारात आधीच काढलेल्या रेषेवरून कॅमेरा आपोआप पुढे जातो. पहिले दोन प्रकार कीबोर्ड आणि माऊसने चालतात आणि शोध घेण्यासाठी आहेत. तिसरा प्रकार सादरीकरणासाठी आहे. आधी मनसोक्त हिंडावे, कोणत्या जागी पाय आपोआप रेंगाळतो ते पाहावे आणि मगच कॅमेऱ्याचा मार्ग आखावा.

इथे पहिलाच अडथळा वेगाचा येतो आणि तो समजून घेतला तर पुष्कळ काही उलगडते. ऑटोकॅडमध्ये एका पावलाची लांबी मुळात 6 एकके आणि वेग सेकंदाला 2 पावले असा ठेवलेला असतो, म्हणजे सेकंदाला 12 एकके. आराखडा इंचांत असेल तर हा वेग सेकंदाला एक फूट होतो. संथ, पण पाहण्यासारखा. आपल्याकडे पुष्कळ आराखडे मिलिमीटरमध्ये निघतात. तिथे हेच आकडे सेकंदाला 12 मिलिमीटर होतात आणि 3 मीटरची खोली ओलांडायला 250 सेकंद लागतात. आराखडा मीटरमध्ये असेल तर तुम्ही ताशी 43 किलोमीटर वेगाने दिवाणखान्यातून निघून जाता. मिलिमीटरच्या आराखड्यात पावलाची लांबी 600 केली की माणसाची सावकाश चाल मिळते. संगणकाला घर किती मोठे आहे याची जाण नसते. ती तुम्हीच त्याला द्यायची असते.

वेगाइतकीच उंची महत्त्वाची. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांपाशी, म्हणजे जमिनीपासून साधारण दीड ते पावणेदोन मीटरच्या दरम्यान धरतात. पण घरात सगळेच सारख्या उंचीचे नसतात. कॅमेरा एकदा 1 मीटरवर आणून फिरावे, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाला ओट्यामागचे काय दिसते ते कळते. चाकांच्या खुर्चीतल्या माणसालाही घर याच उंचीच्या आसपासून दिसते. खिडकीचा कट्टा फार वर आला आहे, कठड्यामुळे बाहेरचे झाड झाकले जाते आहे, असे दोष उभ्या माणसाच्या डोळ्यांतून निसटतात आणि इथे दिसतात. प्रिव्ह्यूची खरी श्रीमंती हीच, की काही मिनिटांत तुम्ही चार वेगवेगळ्या माणसांच्या नजरेने एकच घर पाहू शकता.

प्रिव्ह्यूवर विश्वास किती ठेवावा, हेही शिकावे लागते. आराखडा जड असला, म्हणजे झाडे, सामानसुमान, काच, सावल्या असे सगळे भरलेले असले, की संगणकाला प्रत्येक फ्रेम वेळेत काढता येत नाही. मग दोनच पर्याय उरतात: प्रत्येक फ्रेम दाखवायची आणि वेग मंदावू द्यायचा किंवा मधल्या फ्रेम गाळून वेग राखायचा. ब्लेंडरमध्ये ही निवड उघडपणे करता येते. हालचालीचा ताल पारखायचा असेल तर फ्रेम गाळलेल्या चालतील, पण वेळ खरी हवी. एखादी धडक किंवा झटका शोधायचा असेल तर प्रत्येक फ्रेम पाहायला हवी. तालासाठी भिंती साध्या करड्या रंगात ठेवणे उत्तम. रंग आणि पोत चढले की नजर त्यांच्याकडे जाते आणि जागेचे प्रमाण तपासायचे राहून जाते.

कॅमेऱ्याचा मार्ग आखताना ऑटोकॅड दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारते: कॅमेरा कुठून जाणार आणि तो कुठे पाहणार. या दोहोंसाठी बिंदू किंवा मार्ग निवडता येतो. कॅमेरा एका बिंदूवर रोवला तर नजरेला मार्ग द्यावा लागतो. मग चौकात उभे राहून चहूकडे पाहिल्यासारखे दृश्य मिळते. कॅमेऱ्याला मार्ग आणि नजरेला एकच बिंदू दिला तर वस्तूभोवती प्रदक्षिणा घडते. माणूस चालतो तसे दृश्य हवे असेल तर वळणे गोलसर काढावीत आणि कोपऱ्यांवर वेग कमी करण्याची सोय चालू ठेवावी. काटकोनी वळणावर एकदम फिरलेला कॅमेरा पाहणाऱ्याला घेरी आणतो. उंबरठा ओलांडल्यावर कॅमेऱ्याला थोडे रेंगाळू द्यावे, कारण नव्या खोलीत आलेला माणूसही आधी थांबतो आणि मग चालू लागतो.

एवढे मनासारखे झाले की रेकॉर्डिंगकडे वळावे. त्याचे गणित सोपे असले तरी ते आधी कागदावर मांडणे शहाणपणाचे. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर एका मिनिटाच्या चलतचित्राला 1,500 फ्रेम लागतात. काच, पाणी, प्रकाश यांसह एका फ्रेमला दोन मिनिटे लागत असतील तर संगणक 50 तास गुंतून राहतो. म्हणून संपूर्ण रेकॉर्डिंगआधी दर पन्नासावी फ्रेम काढून पाहण्याची सवय लावावी. एखादे दार उघडायचे राहिले असेल किंवा दिवा भिंतीत गेला असेल तर ते तीस चित्रांतच लक्षात येते. ऑटोकॅडमध्ये सेकंदाला 30 फ्रेम आणि 320 बाय 240 एवढे लहान चित्र असे मूळचे मोजमाप असते. ते चाचणीपुरते चांगले; अंतिम कामासाठी ते आठवणीने वाढवावे लागते.

फ्रेम काढण्याचे काम मोठे असेल आणि सॉफ्टवेअर तशी सोय देत असेल, तर थेट व्हिडिओ फाइल करण्याऐवजी प्रत्येक फ्रेम स्वतंत्र चित्र म्हणून साठवावी आणि शेवटी ती चित्रे जोडावीत. मध्येच वीज गेली तरी तोवरची चित्रे सुरक्षित राहतात आणि पुढच्या फ्रेमपासून काम सुरू करता येते. चुकलेल्या वीस फ्रेम तेवढ्याच पुन्हा काढता येतात. मूळ चित्रे जपून ठेवावीत आणि पाठवण्यासाठी हलकी फाइल वेगळी करावी. स्थिर चित्रात न दिसणारे काही दोष हालचालीतच उघडे पडतात, त्यांच्याकडेही लक्ष असावे: बाल्कनीच्या बारीक गजांची आणि जाळ्यांची थरथर, कौलांच्या ओळींतली लुकलुक, कोपऱ्यांतल्या सावल्यांची चुळबुळ. यांवर उपाय आहेत, पण पाच सेकंदांचा तुकडा आधी काढून पाहिला तरच त्यांची वेळेवर आठवण होते.

या अभ्यासाचा एक भाग महाराष्ट्रातल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. दिवसभरात सूर्य कसा फिरतो आणि उजेड खोल्यांतून कसा सरकतो, याचे चलतचित्र आराखड्यातून काढता येते. त्यासाठी ठिकाण, तारीख आणि वेळ अचूक द्यावी लागते आणि ती बरोबर दिली की नाही हे पडताळण्याची सुंदर सोय आपल्या आकाशातच आहे. पुण्यात 13-14 मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. आराखड्यात पुणे निवडून हीच तारीख आणि वेळ घाला. सावली उरली तर ठिकाण, वेळेचा पट्टा किंवा सूर्याची मांडणी यांपैकी काहीतरी चुकले आहे. या दिवसापासून जुलैअखेरच्या दुसऱ्या शून्य सावलीपर्यंत दुपारचा सूर्य पुण्याच्या उत्तरेला असतो. उत्तरेच्या खिडकीला ऊन लागणारच नाही असे गृहीत धरणाऱ्याला हे चलतचित्र वेळीच सावध करते.

नोंदवलेले चलतचित्र हा एक शब्दही असतो, दिलेला शब्द. रुंद कोनाची लेन्स लावली की 3 मीटरची खोली सभागृहासारखी भासते. पलंग थोडा आखूड केला की तिच्यात फिरायला ऐसपैस जागा दिसते. घर घेणारे कुटुंब अशा चित्रावर विसंबून आयुष्याची बचत गुंतवते. स्थावर संपदा (विनियमन आणि विकास) अधिनियम, 2016 याच्या कलम 12 नुसार, जाहिरातीतल्या चुकीच्या किंवा खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या आणि त्यामुळे नुकसान सोसलेल्या माणसाला भरपाई मागता येते. महाराष्ट्रात या कायद्याचे काम महारेरा 2017 पासून पाहते आहे. कायदा आहेच, पण त्याच्याही आधी हा कारागिरीच्या सचोटीचा प्रश्न आहे. लेन्स साधी, सामान खऱ्या मापाचे आणि खिडकीबाहेर जे खरोखर आहे तेच दृश्य, एवढे पथ्य नव्या अभ्यासकाने पहिल्या दिवसापासून पाळावे.

हीच सचोटी गतकाळाकडे वळताना अधिक लागते. 1732 मध्ये उभा राहिलेला शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला आणि आतल्या महालांची आज केवळ जोती उरली आहेत. अशा वास्तूंमधून पुन्हा चालता येणे, ही या विद्येची फार मोठी देणगी ठरू शकते. मात्र जोत्याचे माप हा पुरावा आणि वरच्या मजल्याची कल्पना हा अंदाज, हे पाहणाऱ्याला स्पष्ट कळले पाहिजे. 2006 मध्ये मांडली गेलेली ‘लंडन सनद’ वारशाच्या संगणकीय चित्रणासाठी नेमका हाच आग्रह धरते: काय माहीत होते, काय गृहीत धरले आणि का, याची नोंद चित्राबरोबर राहावी. रेकॉर्डिंग या क्रियेत अशी नोंद ठेवणेही येते, असे मानणारे अभ्यासक आपल्याकडे घडले तर वाडे, गढ्या आणि देवळे यांच्या अभ्यासाला नवे बळ मिळेल.

सुरुवात कुठून करावी, असे वाचक विचारतील. तुम्ही राहता तेच घर निवडा. टेप घेऊन मापे काढा, साध्या करड्या भिंतींचा आराखडा करा आणि त्यातून तुमच्या डोळ्यांच्या उंचीने, तुमच्या चालीने फिरा. मग प्रत्यक्ष घरातून फिरा आणि दोन्ही ताडून पाहा. खरे घर मोठे वाटते की पडद्यावरचे? का? लेन्स बदला, वेग बदला, दोन्ही अनुभव जुळेपर्यंत बदलत राहा. एवढे जमले की न बांधलेल्या घराबद्दलही तुमचा पडदा खरे सांगू लागतो. त्यानंतर एका मिनिटाचे चलतचित्र नोंदवा आणि नकाशा न वाचता येणाऱ्या कोणाला तरी ते दाखवा. त्या माणसाचे प्रश्न लिहून ठेवा. पुढच्या आराखड्यासाठी त्यांच्याइतकी चांगली शिदोरी दुसरी नाही.

या क्षेत्रात सॉफ्टवेअर बदलत राहील, फ्रेम अधिक वेगाने निघू लागतील आणि आज रात्रभर चालणारे काम उद्या काही मिनिटांत होईल. त्याने प्रिव्ह्यू आणि रेकॉर्डिंग यांच्यातले अंतर कमी होईल, पण प्रश्न विचारण्याची गरज कमी होणार नाही. एखाद्या दिवशी प्रिव्ह्यू पाहता पाहता तुम्हाला एक दार चुकीच्या जागी आहे असे जाणवेल, तुम्ही रेकॉर्डिंग बाजूला ठेवून पुन्हा नकाशाकडे वळाल आणि ते दार हलवाल. त्या दिवशी तुम्ही या विद्येचे झालात असे समजावे. तुमचे मनापासून स्वागत आहे.